तलवारीचा दाखला



आपल्या गावाच्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लिहावे लागते, कारण याच जिल्ह्यात सिंदी (मेघे) हेही गाव आहे. नाव एकच असले म्हणजे खूण पटवावी लागते. तलवारीचेही तसेच आहे. जपानी लष्करी तलवार आणि तिची सरकारदरबारी होणारी नोंद हा आज आमचा विषय आहे.

विषय दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाक येथे जपान्यांना अडविणाऱ्या फौजेत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ४ थी पलटण होती. १९४५ साली शरण येताना जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समारंभपूर्वक हवाली कराव्यात, असा माउंटबॅटनचा आग्रह होता. त्यांतल्या काही आपल्या सैनिकांबरोबर इकडे आल्या.

खुद्द जपानात जेत्यांनी शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. असंख्य तलवारी नष्ट झाल्या. होन्मा जुंजी यांच्यासारख्या जाणकारांनी तेव्हा अमेरिकन अधिकाऱ्यांची समजूत घातली, की ही नुसती हत्यारे नव्हेत, ही कला आहे. त्यातूनच नोंदणीची रीत निघाली. १९५८ चा कायदा आजही लागू आहे. घरात तलवार सापडली तर आधी पोलिसांना कळवायचे. पारख मात्र शिक्षण मंडळाने नेमलेले जाणकार करतात! दाखला मिळतो तो तलवारीला, मालकाला नव्हे. त्यावर पात्याची लांबी, बाक, मुठीत शिरणाऱ्या भागावरची भोके आणि कारागिराचा लेख यांची नोंद असते. तलवार विकली की दाखला तिच्याबरोबर जातो, आणि नव्या मालकाने २० दिवसांत कळवायचे असते.

मौज पुढेच आहे. हा कायदा वय विचारीत नाही, घडण विचारतो. परवानाधारक लोहाराने गेल्या वर्षी जुन्या रीतीने घडविलेली तलवार नोंदली जाते; १९४२ साली कारखान्यात तयार पोलादातून काढलेली लष्करी तलवार नोंदली जात नाही, आणि नोंदीवाचून ती बाळगणे हा गुन्हा. पण कित्येक अधिकाऱ्यांनी वाडवडिलांचे पाते लष्करी मुठीत बसवून रणावर नेले होते. तेव्हा बाहेरून काय ओळखणार? बांबूची खुंटी काढून मूठ उतरवावी लागते.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा घडणीच्या वाटेला जात नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदेशात तलवारीला परवाना लागतो, आणि तो माणसाला मिळतो. माणूस गेला, की तलवारीची ओळखही गेली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ऐतिहासिक वस्तूला किमान १०० वर्षांची अट घातली आहे. १९४२ ची तलवार त्या पायरीवर २०४२ साली पोहोचेल. तोवर आजोबांची ही ठेव माळ्यावर पडते, आणि भेदरलेला नातू ती एखाद्या रात्री विहिरीत टाकतो किंवा भंगारात घालतो. शस्त्राबाबत कायदा कडक असावा, हे आम्हांस मान्य आहे. पण भीतीपोटी इतिहास भंगारात जावा, हे मान्य नाही.

अशी वस्तू कोणाच्या घरी असल्यास ठाण्यावर लेखी विचारावे. ती मिरवीत मात्र नेऊ नये. आजोबा कोणत्या पलटणीत होते, ती कोठून आणली, हे लिहून ठेवावे. लेखाचे छायाचित्र घ्यावे. आणि मुठीतल्या भागावरचा काळा गंज चिंच नि राख लावून घासू नये. जाणकार पात्याचे वय त्या गंजावरूनच ताडतात.