लिबाबाईंची गिटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच कोणीतरी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही पेटी शिकवता, तेव्हा गाण्यावरच बोला, मात्र रागदारीत शिरू नका." मी शिरत नाही. मी एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. बाई दूरदेशीच्या, अमेरिकेतल्या. पण ऐकता ऐकता त्या आपल्याच आळीतल्या वाटू लागल्या, तर नवल मानू नका.

त्यांचे नाव एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३ सालचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तेथे चॅपेल हिलच्या शेजारच्या वस्तीत, एका कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबात त्या जन्मल्या. घराजवळूनच आगगाडीचे रूळ जात. पाच भावंडांत ही धाकटी. घरात तिला खऱ्या नावाने हाक मारण्याची कोणाला गरजच पडली नव्हती. लाडाच्या नावांवर काम भागे. शाळेत पहिल्या दिवशी शिक्षकांनी नाव विचारले, तेव्हा या मुलीने आपल्या मनानेच 'एलिझाबेथ' असे सांगून टाकले. स्वतःचे बारसे स्वतःच करणारी मुलगी! हे ध्यानात असू द्या. नावाचा प्रश्न पुढे पुन्हा यायचा आहे.

भावाकडे बँजो नावाचे तंतुवाद्य होते. भाऊ कामावर गेला की ही ते हळूच काढून वाजवायची. शिकवायला कोणी नाही. त्यातून मुलगी डावखुरी आणि वाद्य उजव्या हाताचे. तारा बदलून लावणे तिला कोठून सुचणार? तिने वाद्यच उलटे धरले. पुढे गिटारही तशीच धरली. त्यामुळे बारीक तारा वर आल्या आणि जाड तारा खाली गेल्या. इतर वादक अंगठ्याने खर्जाचे स्वर वाजवतात आणि बोटांनी चाल; हिचे नेमके उलटे, बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने चाल! त्यातून जो गोडवा निघे तो निराळाच. पुढे या वादनपद्धतीला वादकमंडळींनी तिचेच नाव दिले.

लहानपणीच तिला लोकांच्या घरी कामाला जावे लागले. पगार महिना पाऊण डॉलर. त्यातून साठवून तिने स्वतःची गिटार घेतली, किंमत पावणेचार डॉलर. आपण गृहिणी हिशेबाला पक्क्या आहोत, तेव्हा करून पाहा: पाच महिन्यांची सबंध कमाई! आणि अकरा-बारा वर्षांची असताना, रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीवर तिने एक गाणे रचले. 'फ्रेट ट्रेन' म्हणजे मालगाडी. हेच ते गाणे, जे पुढे जगभर गेले.

पण लगेच नव्हे. १९१० साली लग्न झाले, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी सांगितले की ही ऐहिक गाणी सोडून दे. तिने गिटार ठेवून दिली. किती दिवस? जवळजवळ ४० वर्षे.

येथे मी जराशी थांबते. माझी पेटी १९ वर्षे माळ्यावर होती. तिच्यावर लोणच्याच्या बरण्या आणि चैत्रगौरीची आरास. खरे सांगते, मला कोणी 'गाऊ नको' म्हटले नव्हते. आज नाही तर उद्या, एवढेच म्हणत गेले. मनाई झाली तर मनुष्य निदान चिडते तरी. 'उद्या'वर कोणी चिडत नाही. म्हणून या बाईंची गोष्ट प्रथम वाचली, तेव्हा ४० या आकड्यावर माझी नजर अडली ती अडलीच.

पुढे एलिझाबेथबाई वॉशिंग्टन शहरी आल्या. तेथे एका मोठ्या दुकानात, बाहुल्यांच्या विभागात, त्या कामाला होत्या. एके दिवशी एक लहान मुलगी दुकानात हरवली. बाईंनी तिला शोधून तिच्या आईच्या हवाली केले. ती मुलगी पेगी सीगर आणि आई रूथ क्रॉफर्ड सीगर. या रूथबाई स्वतः नामांकित संगीतरचनाकार. आईने बाईंना आपल्या घरी कामाला बोलावले आणि त्या स्वयंपाकपाणी व धुणे करू लागल्या. धाकट्या पेनीला 'एलिझाबेथ' म्हणता येईना. तिने 'लिबा' केले. तेव्हापासून त्या लिबाबाई.

आता यातली गंमत पाहा, आणि खंतही पाहा. हे सीगर कुटुंब म्हणजे लोकगीतांचे माहेरघर. रूथबाई जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा ऐकून लोकांची गाणी स्वरलिपीत उतरवून घेत. त्यांचे मुलांसाठीचे लोकगीतांचे पुस्तक १९४८ साली निघाले. घरभर गाणी गोळा करण्याचे काम चाललेले, आणि गाण्यांची खाण स्वयंपाकघरात चुलीपाशी उभी! कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. मग एके दिवशी भिंतीवरची गिटार काढून लिबाबाई आपल्याशीच वाजवीत असताना पेगीने ऐकले. ४० वर्षांनी बोटे सगळे विसरली असतील असे वाटावे. पण हळूहळू एकेक चाल परत आली.

पेगीचा थोरला भाऊ माईक. त्याचा जन्म १९३३ चा, म्हणजे लिबाबाईंहून ४० वर्षांनी लहान. या दोघांची मैत्री हा माझ्या भाषणाचा गाभा. माईकने काय केले? मोठे भाषण केले नाही, उपकाराची भाषा केली नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तो त्यांच्या घरी गेला. त्यांच्या निजण्याच्या खोलीत, नातवंडांच्या वावरात, त्याने त्यांची गाणी उतरवून घेतली. १९५८ साली ती तबकडी निघाली, तेव्हा लिबाबाई ६५ वर्षांच्या होत्या. १९६० साली त्यांनी पहिली जाहीर मैफल केली, ती माईकबरोबर. एका व्यासपीठावर दोघे: एक ६७ वर्षांची, दुसरा सत्ताविशीच्या आतला. साथीदाराला वय नसते, हे पेटी वाजवणारी बाई म्हणून मी सांगू शकते. समोरच्याची लय सांभाळली की झाले.

आता नावाचा प्रश्न. पेगी इंग्लंडला गेली, तेथे तिने 'मालगाडी' गाऊन दाखवली. गाणे लोकांना इतके आवडले की १९५७ साली त्याची तबकडी तेथे खूप खपली. पण रचनाकार म्हणून नावे लागली भलत्यांचीच! जिने बालपणी ते रचले, ती वॉशिंग्टनमध्ये लोकांचे कपडे धूत होती. सीगर कुटुंबाने ती बाब लावून धरली आणि अखेर गाण्याचा हक्क लिबाबाईंना मिळाला. मैत्रीची परीक्षा मला येथे दिसते. गाणे ऐकून मान डोलावणारे पुष्कळ असतात. 'हे गाणे हिचे आहे' असे चारचौघांत सांगणारे थोडे.

एवढे होऊनही लिबाबाईंनी घरकाम लगेच सोडले नाही. १९७० च्या सुमारास सोडले. कीर्तीने पोट भरतेच असे नाही, हेही आपण जाणतो. पण गाणी थांबली नाहीत. 'शेक शुगरी' नावाचे गाणे त्यांनी पतवंडांना जवळ घेऊन रचले. त्यात घरातली एकेक वस्तू गहाण पडत जाते, आणि तरी गाण्याची चाल मात्र खेळकर. १९६७ च्या तबकडीत ते १२ वर्षांच्या पणतीने गायिले आहे आणि पणजीबाई तिला गिटारीची साथ करीत आहेत. म्हणजे ज्यांना साथ मिळाली, त्या आता साथ देऊ लागल्या होत्या. तिसरी तबकडी १९७९ ची. या तिन्हींच्या ध्वनिमुद्रणामागे माईकच. गाण्याच्या मिळकतीतून लिबाबाईंनी सिराक्यूज गावी स्वतःचे घर घेतले. १९८५ साली, ९२ व्या वर्षी, त्यांना ग्रॅमी हे मोठे पारितोषिक मिळाले. १९८७ साली त्या निवर्तल्या.

भगिनींनो, ही गोष्ट मी 'वय झाले तरी जिद्द सोडू नका' एवढे सांगण्यासाठी निवडली नाही. जिद्दीवरची भाषणे आपण पुष्कळ ऐकली. मला वाटते ते निराळे. लिबाबाईंपाशी कला होतीच. कमी होती ती ऐकणाऱ्या कानाची. तो कान त्याच घरात होता, तरी वर्षे गेली. मग आपल्या घरात, आपल्या मंडळात असे कोण असेल? भाजी निवडता निवडता एखादी चाल गुणगुणणारी, विचारले तर 'छे, मला कुठे येते' म्हणणारी?

आपल्या भजनाच्या वहीत आणि भोंडल्याच्या गाण्यांत काही रचना आपल्याच सभासदांच्या आहेत. आपण त्या दरवर्षी म्हणतो. पण वहीत गाण्याखाली नाव नाही. माझी एकच सूचना आहे. या वर्षी ती वही नव्याने उतरवून काढावी आणि ज्या गाण्याची रचणारी ठाऊक आहे, तिचे नाव त्याखाली लिहावे. ज्या हयात आहेत त्यांना विचारून लिहावे. खर्च एका वहीचा.

माझी पेटी मागच्या दिवाळीत खाली काढली. उंदराने भात्याला भोक पाडले होते आणि दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. दुरुस्त करून आणली. बोटे सुरुवातीला ऐकेनात, आता ऐकतात. काढायला लावले ते शेजारच्या आजींनी. वय ८१. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक ओवी म्हणून दाखवली. मी विचारले, ही कोणाची? आजी म्हणाल्या, "माझीच. आजवर कोणी विचारले नव्हते." वहीतले पहिले नाव त्यांचे लिहावे अशी माझी विनंती आहे.