टपोरा डोळा, टोकदार डोळा

मी घणसोली गावठाणातून बोलतेय. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "वसंत आला हे घरच्या बागेत कशावरून ओळखायचं? कोकीळ ओरडायला लागला की?" मी म्हटलं, ताई, कोकीळ ओरडेपर्यंत थांबलात तर कामाला उशीर झाला. (आणि हो, ते कुहूकुहू नराचं असतं. बाई कामात असते.)

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात, पण वसंतपंचमी येते माघात. मला यात माघाचंच खरं वाटतं. आपल्या इकडे दुपारी घाम आणि पहाटे गोधडी, असे दिवस सुरू झाले की झाडं हलायला लागतात. खारघरच्या डोंगरावर काटेसावर आणि पांगारा लाल होतो, तो लांबून दिसतो. परसातलं मात्र जवळ जाऊन बघावं लागतं. शेवग्याला पांढरे झुबके येतात आणि त्यावर सकाळी शिंजीर लटकलेला असतो. कढीपत्त्याच्या उघड्या काड्यांना पोपटी टोकं फुटतात.

आता आंबा. सिडको १९७० साली आली, आमच्या गावांची भातशेती गेली, पण परसातलं एखादं झाड उरलं. आमच्या गटाचं पन्हं आणि लोणचं अशाच चार परसांतल्या कैऱ्यांवर चालतं. म्हणून मोहर आमच्यासाठी नुसता बघायचा नसतो.

सासूबाईंनी मला शिकवलं ते असं. फांदीच्या शेंड्याचा डोळा बोटांनी चाचपून बघायचा. टोकदार, बारीक असेल तर पालवी येणार. टपोरा, गोलसर असेल तर मोहर. जानेवारीत ज्या फांदीला तांबूस पालवी आली, तिच्याकडून त्या वर्षी बहुतेक कैरी मिळत नाही. पूर्वी मला वाटायचं, डोळे सारखेच असतात, म्हातारीची कल्पना. दोन्ही हातांत दोन फांद्या धरून बघितल्यावर पटलं.

डोळा टपोरा झाला की पानाला हात लावून बघा. चिकट लागलं, खालून बारीक किडे टुणकन उडाले, तर ते तुडतुडे. ते मोहरातला रस पितात आणि चिकटा सोडतात, मग त्यावर काळी बुरशी धरते. ढगाळ हवा आणि धुकं पडलं की मोहरावर पांढरी पावडर दिसते, ती भुरी. तुडतुड्यांसाठी फवारायचं ते याच वेळी, फुलं उमलायच्या आधी. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही ऊन उतरल्यावर, कारण उन्हात पानं करपतात.

दोन वर्षांपूर्वी मी हे चुकवलं. गटाच्या कर्जाच्या कागदांत अडकले होते, झाडाकडे बघितलंच नाही. बघितलं तेव्हा मोहर पूर्ण उमललेला आणि पानं चिकट. घाबरून दुकानातून औषध आणलं आणि सकाळी दहा वाजता, माशा-मधमाश्या मोहरावर असताना, फवारलं. दुसऱ्या दिवशी झाड गप्प होतं. एका तुऱ्यात हजारभर फुलं असतात, त्यातली बरीचशी नर. तसंही शेवटी एक-दोनच कैऱ्या धरतात, आणि त्याही या माशांनी परागकण इकडून तिकडे नेले तरच. त्या वर्षी पाटीभरसुद्धा कैरी निघाली नाही. तुडतुड्यांनी किती नेलं आणि मी किती, ते सांगता येणार नाही. लोणच्याची ऑर्डर घेतलेली होती, म्हणून वाशीच्या मार्केटमधून कैऱ्या विकत आणल्या आणि बायकांच्या हातात मजुरीसुद्धा पडली नाही. बैठकीत मी ते सांगितलं. कोणी बोललं नाही, ते जास्त लागलं.

आता आम्ही पाळी लावली आहे. पौष लागला की दर रविवारी दोघी चारही झाडं बघून येतात आणि वहीत लिहितात. आणखी एक, मोरीचं पाणी आंब्याच्या बुडात सोडत असाल तर पावसाळा संपल्यावर ते केळीकडे वळवा. आंब्याला मोहरापूर्वी ताण हवा. कैरी वाटाण्याएवढी झाली की मग पाणी द्या.

ज्यांच्याकडे परस नाही, ऐरोली-कोपरखैरण्याच्या खोलीत खिडकीवर दोन कुंड्या आहेत, त्यांनी मोगरा बघावा. जानेवारीत आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, पानं काढायची, वरचा तिसरा हिस्सा छाटायचा, शेणखत घालून पाणी सुरू करायचं. नव्या फुटीच्या टोकाला तांदळाएवढ्या कळ्या दिसल्या की समजा, होळीच्या पुढेमागे गजरा घरचा. जव्हार-विक्रमगडकडचे शेतकरी याच छाटणीवर मोगरा काढतात.

यंदाच्या वहीत परवा पहिली नोंद पडली: "विहिरीजवळचं झाड, पूर्वेची फांदी, डोळे टपोरे, पान कोरडं." आज संध्याकाळी माझी पाळी आहे.