अडखळणाऱ्या शब्दाला वेळ द्या
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सव जवळ आला की मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेची नावे लिहायला सुरुवात होते. ठरलेली मुले पुढे येतात. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचे नाव मात्र कोणी सुचवत नाही. त्याच्याकडे पडदा ओढायचे नाहीतर प्रसाद वाटायचे काम येते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. उगीच त्याचा हिरमोड नको, एवढाच हेतू. पण मूल त्यातून शिकते की आपण गप्प राहिलेले बरे. म्हणून आज मी चार्ल्स व्हॅन रायपर या माणसाविषयी बोलणार आहे.

त्यांचा जन्म 1905 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या चॅम्पियन या खाणीच्या गावी झाला. वडील डॉक्टर, तरी मुलाचे अडखळणे थांबले नाही. तरुणपणी एका शेतावर ते मुके-बहिरे असल्याचे सोंग घेऊन राबले. बोलण्यापेक्षा तेच सोपे वाटले. पुढे वाटेत एक म्हातारा भेटला. तोही अडखळायचा, पण सहजपणे. त्याचे म्हणणे असे, की आता झगडायचे वय राहिले नाही, म्हणून शब्द येतील तसे येऊ देतो. व्हॅन रायपर यांच्या मनात लख्ख उजेड पडला. अडखळण्यापेक्षा ते लपवण्याची धडपडच माणसाला जास्त पिळते.

आयोवा विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन त्यांनी 1936 साली कॅलमाझू येथील शिक्षक महाविद्यालयात वाचा-उपचार केंद्र सुरू केले. सुमारे 20 वर्षे ते उपचारात बदल करत राहिले आणि कोणाला काय लाभले, पुढे टिकले का, याच्या नोंदी ठेवत गेले. 1939 साली आलेले त्यांचे वाचादोषांवरील पाठ्यपुस्तक कित्येक पिढ्यांनी अभ्यासले.

त्यांची रीत सांगायला साधी आहे. शब्द अडला, तर तो संपल्यावर थांबायचे आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. हे जमले की अडलेल्या शब्दातच ताण सोडून बाहेर यायचे. शेवटी, ज्या शब्दाची धास्ती आहे तो सुरू करतानाच सैल व्हायचे. पण त्याआधी भीती कमी करायची आणि त्यासाठी चारचौघांत मुद्दाम अडखळूनही पाहायचे. ते स्वतः पूर्ण बरे झाले नाहीत. थोडे अडखळतच 1994 पर्यंत जगले, आणि आयुष्यभर शिकवत, लिहीत राहिले.

आपल्याकडे काय करतात? जिभेला वेखंड लावतात, नवस बोलतात, नाहीतर "हळू बोल, श्वास घे" म्हणून दर वाक्याला टोकतात. बेळगावात आणखी एक सल्ला मिळतो: घरी मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, म्हणून पोर गोंधळले, मराठी बंद करा. जास्त भाषांमुळे मूल अडखळू लागते, हे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. आजीची भाषा तोडून मुलाची वाचा सुटत नाही. उलट आजीशी बोलणे मात्र तुटते.

100 मुलांपैकी सुमारे 5 मुले कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचे आपोआप थांबते, काहींचे राहते. अडखळणे काही महिने टिकले, किंवा मूल बोलणे टाळू लागले, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे. आपल्याच राज्यात मैसूरला 1965 पासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे.

कार्यकारिणीकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. वक्तृत्व स्पर्धेत अडखळणाऱ्या मुलाला वेळेची घंटा लावू नये. परीक्षकांनी गुण विचाराला द्यावेत, वेगाला नव्हे. आणि त्याचा शब्द अडला, तर श्रोत्यांतून कोणी तो पुरा करू नये. ते वाक्य त्याचे आहे. आपण फक्त त्याच्याकडे पाहत थांबायचे.

विद्येच्या देवतेपुढे आपण दहा दिवस आरत्या म्हणतो. त्याच मांडवात एखाद्या मुलासाठी दोन मिनिटे जास्त थांबणे आपल्याला जड जाऊ नये.

गणपती बाप्पा मोरया!