धुऱ्याच्या आतली गळती



भाव पाडणाऱ्यांशी आपण भांडतोच. पण धुऱ्याच्या आत काय गळते, तेही पाहू. अमरावती-अकोल्याकडे कापूस वेचायची मजुरी किलोवर. ओटी भरली की बाई धुऱ्यापर्यंत फेरा घालते, संध्याकाळी काट्यापाशी ताटकळते. त्या वेळेचा पैसा तिला कोण देतो? गाठोडे टोळीसोबत पुढे सरकवा. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा मोजा. दव सुकल्यावरच वेचा, कवडी वेगळी ठेवा. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की सीसीआय भाव कापते, १२ वर गेला तर कापूस घेतच नाही. फेरा कुठे वाया जातो, हे टोळीतल्या बायांनाच विचारा. हिशेब त्यांच्या पायांना ठाऊक आहे.