धूपपूजा : सुगंध आणि संयम

(सुवर्णमहोत्सवी वर्षात सुगंधदशमीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



भाद्रपद शुद्ध दशमीला दिगंबर जैन समाज सुगंधदशमीचे व्रत पाळतो. मंदिरोमंदिरी दर्शन घेऊन धूप अर्पण करण्याची या दिवसाची प्रथा आहे. पंचमीपासून मोजल्यास हाच दशलक्षण पर्वाचा सहावा दिवस, म्हणजे उत्तम संयम धर्माचा दिवस. सुगंधाचा सण आणि संयमाची आराधना एकाच तिथीला यावी, हा योग मोठा बोलका आहे. धूप कसा अर्पण करावा, किती करावा आणि कोणता करावा, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

या व्रताची कथा अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत आढळते. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला या कथांचा ग्रंथ भारतीय ज्ञानपीठाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील मराठी रचना अठराव्या शतकातील कारंजा परंपरेचे कवी जिनसागर यांची आहे. वनविहाराला निघालेल्या राणीला आहारदानासाठी मागे फिरावे लागते. त्या रागात ती मुनिराजांना कडू भोपळ्याचा आहार देते. मुनिराजांना घोर वेदना होतात आणि राणीला पुढील जन्मांत दुर्गंधित देह मिळतो. पश्चात्ताप आणि व्रत यांच्या बळावर पुढे तीच तिलकमती म्हणून सुगंधित देहाने जन्मते. दुर्गंधीचे मूळ या कथेत अत्तराच्या अभावात सांगितलेले नाही. ते दुसऱ्या जीवाला दिलेल्या पीडेत आहे.

श्वेतांबर परंपरेच्या ज्ञाताधर्मकथा या आगमात याच धाग्याची दुसरी कथा आहे. नागश्रीने दिलेला कडू भोपळ्याचा आहार टाकून देण्यासाठी धर्मरुची मुनी निघाले. जमिनीवर एक थेंब पडताच मुंग्या जमल्या आणि मेल्या. ते पाहून त्यांनी उरलेला सर्व आहार स्वतःच्या पोटात घातला आणि प्राण दिले. एका थेंबाचा परिणाम पाहून निर्णय बदलणे, हीच यतना. धूपाच्या चिमटीलाही हीच दृष्टी लावली पाहिजे.

दिगंबर परंपरेच्या अष्टद्रव्यांत धूप सातवा. अग्नीत धूप जळतो तशी आठही कर्मे जळून जावीत, हा त्यामागील भाव. श्वेतांबर अष्टप्रकारी पूजेत जल, चंदन आणि पुष्प ही अंगपूजा झाल्यावर धूपाने अग्रपूजा सुरू होते. धूर वर जातो, तशी आत्म्याची ऊर्ध्वगती व्हावी ही त्यात भावना असते. ही अग्रपूजा गाभाऱ्याबाहेर, प्रतिमेसमोर केली जाते, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. पूर्वसूरींनी धूपाची जागाही विचारपूर्वक ठरविली होती. स्थानकवासी आणि श्वेतांबर तेरापंथी समाज द्रव्यपूजा न करता भावपूजा करतो. काही दिगंबर मंदिरांत धूप अग्नीत न टाकता थाळीतच अर्पण करतात. या सर्व वाटा एकाच वीतरागाकडे जातात. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही.

अग्नी पेटला की तेजस्कायिक आणि वायुकायिक जीवांची विराधना होते, हे जैन दर्शनाला मान्य आहे. मग पूजा निर्दोष कशी? आचार्य समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात वासुपूज्य भगवंतांच्या स्तुतीत याचे उत्तर दिले आहे. विषाचा कण शीतल जलाच्या सागराला दूषित करीत नाही, त्याप्रमाणे पूजेतील अल्प सावद्य मोठ्या पुण्यराशीला बाधत नाही, असा त्याचा आशय. परंतु आचार्यांनी सावद्याचा ‘लेश’ म्हटले आहे. कण हा कणच राहिला तर दृष्टांत खरा ठरतो. विषाचे पोते ओतून सागराची साक्ष काढता येत नाही.

व्यापारी समाजाला हिशेब सांगावा लागत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यानुसार एक ग्रॅम उदबत्ती जळल्यावर सुमारे ४५ मिलिग्रॅम कण हवेत जातात. सिगारेटमध्ये हे प्रमाण ग्रॅमला सुमारे १० मिलिग्रॅम असते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असे बंद दालन घेतले, तर त्यात ३०० घनमीटर हवा मावते. एका ग्रॅमचे ४५ मिलिग्रॅम त्यात पसरले की दर घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम झाले. सूक्ष्म कणांसाठी भारतातील २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. हे झाले एका ग्रॅमचे. पर्वाच्या सकाळी पाचशे भाविकांनी प्रत्येकी दोन ग्रॅम धूप टाकला, तर एक किलो होतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात औषधी वनस्पतींच्या धुराने बंद खोलीतील हवेतले जिवाणू एका तासात ९४ टक्क्यांहून अधिक घटले. पूर्वजांचा अनुभव पोकळ नव्हता, हे यावरून दिसते. मात्र ज्या बंद खोलीत जिवाणू घटतात, त्याच खोलीत धूर साचतो आणि तिथेच भाविक श्वास घेतात. जैन दृष्टीने तर जिवाणूंचा नाश हे धूपाचे प्रयोजनच नव्हे. प्रयोजन भावशुद्धीचे आहे आणि त्यासाठी चिमूटभर धूप पुरतो.

धूर दगडालाही सोडत नाही. वेरूळच्या लेण्यांतील छतांवर एके काळी रंगीत चित्रे होती. आज त्यांतील पुष्कळशी काजळीखाली काळवंडलेली दिसतात. शतकानुशतकांचा धूर शिल्पकारांच्या आणि चित्रकारांच्या साधनेवर बसला. आजच्या मंदिरांतील पांढऱ्या संगमरवरी प्रतिमांवर आणि वेदीच्या सोनेरी कामावर तेच घडू द्यायचे काय?

आता धूपद्रव्याकडे वळू. दशांग धूप म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत गुग्गुळ, राळ, चंदन, अगर, जटामांसी, नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी अशी द्रव्ये असतात. यांपैकी गुग्गुळ, अगर आणि जटामांसी या वनस्पती आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त गणल्या आहेत. अधिक डिंकाच्या लोभाने खोल चिरा पाडल्याने गुग्गुळाची झाडे मरतात. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म अग्रभागी आहेत, याचे स्मरण येथे व्हावे. वाळा, नागरमोथा, जटामांसी आणि कापूरकाचरी ही मुळे वा कंद आहेत. ताटात कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या समाजाने ती धूपदानात किती घालावीत, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. याविषयी साधूसंतांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे.

काही जुन्या पाककृतींत बांधणीसाठी मध, तसेच शंखवर्गीय प्राण्यापासून मिळणारा नखला आणि कस्तुरी वापरली जाई. उदबत्त्यांत कोळशाची भुकटी आणि कृत्रिम सुगंध असतो. तेव्हा पुड्यावरील नाव न पाहता घटक विचारावेत. विक्रेत्याला ते सांगता आले नाहीत तर तो माल मंदिरात आणू नये.

आचरणाच्या दृष्टीने पुढील गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत :

१) प्रत्येकाची वेगळी उदबत्ती न लावता मंदिरात एकच सामाईक धूपघट असावा आणि त्यात कुटुंबागणिक एक चिमूट टाकावी.

२) धूपघट गाभाऱ्याबाहेर, खिडकी किंवा मोकळ्या चौकाजवळ ठेवावा.

३) चातुर्मासात धूप चाळून, गोवरी वा कोळसा झाडून आणि पाहून घ्यावा. धूपघटावर जाळीचे झाकण असावे व सूर्यास्तानंतर तो पेटवू नये.

४) राख पूर्ण थंड झाल्यावर, मुंग्या नसलेल्या कोरड्या जागी विसर्जित करावी.

५) कार्तिक पौर्णिमेच्या कचनेर यात्रेसारख्या मोठ्या गर्दीत धूप थाळीतच अर्पण करावा. त्याने पुण्यात उणेपणा येत नाही.

शेवटी एक गोष्ट मनावर घ्यावी. दम्याचा त्रास असलेली वृद्ध माता धुरामुळे पर्वकाळातच मंदिराची पायरी चढायचे टाळते. तान्ह्या बाळाला घेऊन आलेली सून दर्शन अर्धवट सोडून बाहेर पडते. दुसऱ्याच्या धर्मकार्यात विघ्न आणल्याने अंतराय कर्म बांधले जाते आणि ते आठ कर्मांतील आठवे आहे. जी आठ कर्मे जाळण्यासाठी धूप अर्पण करायचा, त्यांतलेच एक त्या धुराने बांधले गेले, तर तो व्यवहार तोट्याचा झाला.

न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांत मंदिराचा सुगंध असाच दरवळत राहो, आणि त्या सुगंधात कोणाचाही श्वास न अडखळो, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!