टॅपेटची टकटक आणि पंधरा थाऊ

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' थोडे कमी केलेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, गाडी घेतलीस ते कळलं, पण ती टकटक करते त्याचं पुढे काय? तर आज फक्त त्या टकटकीबद्दल.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी एका मिनिटात सांगतो. मी इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला असतो, दिवसभर कोड लिहितो, आणि गेल्या वर्षी मी १९७२ ची एमजीबी जीटी घेतली. दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे पार्ट अजून नवेकोरे मिळतात. इकडे गाडी चाळीस वर्षांच्या पुढे गेली की रोड टॅक्स माफ आणि एमओटी नावाची वार्षिक तपासणीही माफ. ऐकायला भारी वाटतं. पण त्याचा अर्थ असा की गाडीत काय बिघडतंय ते बघायला वर्षातून एकदाही कोणी येणार नाही. बघायचं आपणच.

तर टकटक. इंजिन चालू केलं की वरच्या बाजूने शिवणयंत्रासारखा आवाज यायचा. मी फोन लावला मामाला. मामाचं कराडला गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तर मामा म्हणतो, "आरं, हे तर आपलं ॲम्बेसिडरचंच इंजिन की!"

मला वाटलं मामा फेकतोय. पण खरंच! ॲम्बेसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि माझ्या गाडीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज'चे. एक भाऊ लाल दिव्याखाली साहेबांना घेऊन फिरला, दुसरा इकडे स्पोर्ट्स कारमध्ये बसला. मामाने अशी इंजिनं आयुष्यभर उघडलीत आणि मी इकडे तीन रात्री व्हिडिओ बघत बसलो होतो.

पुढची गंमत ऐका. कॉलवर मामाला टकटक ऐकूच येईना. मी फोन पार इंजिनवर धरला, तरी नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की कॉलमध्ये नॉइज सप्रेशन असतं! मी जे ऐकवायला फोन केला तेच ते गाळून टाकत होतं. शेवटी रेकॉर्डरवर दोन मिनिटांची फाइल करून पाठवली. पंधरा मिनिटांनी उत्तर: "टॅपेट हाय. पर लगेच पाना लावू नको. आधी माप."

आता टॅपेट सेटिंग म्हणजे काय, ते गाडीतलं काही न कळणाऱ्यांसाठी. इंजिनच्या डोक्यावर आठ वाल्व्ह. प्रत्येकावर एक रॉकर, बागेतल्या सी-सॉसारखा. एका टोकाला खालून दांडी ढकलते, दुसरं टोक वाल्व्ह दाबतं. वाल्व्ह बंद असताना रॉकर आणि वाल्व्हच्या मध्ये मुद्दाम थोडी फट ठेवतात, कारण तापल्यावर लोखंड वाढतं. माझ्या गाडीला थंड इंजिनवर पंधरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंधरा थाऊ म्हणजे ०.३८ मिलिमीटर, तुमच्या डेबिट कार्डच्या जाडीच्या निम्मं.

फट जास्त झाली तर आवाज येतो. कमी झाली तर? आवाज येत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. एक्झॉस्टचा वाल्व्ह प्रचंड तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता बाहेर जाते ती तो सीटवर टेकलेला असताना, सीटमधून हेडमध्ये. फट संपली की तो पूर्ण टेकत नाही, उष्णता अडकते, कडेने पेटता गॅस निसटायला लागतो आणि वाल्व्ह जळतो. तोपर्यंत इंजिन एकदम गोड वाजतं! मामाचं वाक्य आहे, "बोलणाऱ्या टॅपेटला भिऊ नको, गप्प बसलेल्याला भी."

शनिवारी सकाळी बसलो. गाडी रात्रभर उभी, इंजिन गार. चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. टॅपेट कव्हरचे दोन नट, कव्हर वर, खाली कॉर्कचं पॅकिंग. ते नवीन आणून ठेवा, जुनं परत बसवलंत की तेल गळणारच. इंजिन फिरवायचं कसं? चौथा गिअर टाका आणि गाडी हाताने इंच-इंच ढकला. माझं गॅरेज इतकं छोटंय की मी अर्धी गाडी रस्त्यावर काढली होती. शेजारच्या आजोबांनी दोनदा विचारलं, बंद पडली का.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, नऊचा नियम. वाल्व्ह मापायचा तर तो पूर्ण सैल असायला हवा. ते कसं ओळखायचं? पुढून मागे एक ते आठ नंबर द्या. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला मापा. सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा. चौथ्याला पाचवा, सातव्याला दुसरा. बेरीज कायम नऊ! जादू नाहीये. एक आणि चार नंबरचे पिस्टन बरोबर वर-खाली होतात, पण त्यांची कामाची पाळी कॅमशाफ्टच्या अर्ध्या फेरीने पुढे-मागे असते. आठवा कॅमच्या टोकावर असतो तेव्हा पहिला बरोबर उलट बाजूला, एकदम निवांत. दोन आणि तीनचं तसंच. ज्या कोणी हा क्रम मॅन्युअलमध्ये छापला, त्याला माझ्यातर्फे एक चहा.

मामाने सांगितलं होतं तसं आधी काही न हलवता आठही आकडे लिहून घेतले. सहा वाल्व्ह तेरा ते सोळामध्ये. सातवा पंधरा. आणि चौथा, एक्झॉस्ट, फक्त आठ! मी ज्याच्या आवाजाने वैतागलो होतो तो माझ्या कानाला तरी सातवा होता. तो मापात पर्फेक्ट. आणि ज्याचा आवाजच नव्हता तो चौथा घट्ट होत चाललेला.

चौथा सेट करताना एक गाढवपणा केला, तोही सांगतो. लॉकनट अर्ध्या इंचाचा आहे. माझ्याकडे मेट्रिक पाने. अर्धा इंच म्हणजे १२.७, म्हटलं तेराचा चालेल. नाही चालला. सटकला, नटाचे कोपरे गोल झाले आणि माझं बोट सोललं. इंची पाने विकत घ्या, महाग नसतात. बाकी काम सोपं: नट सैल, स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू फिरवा, फीलर गेजची पंधराची पट्टी फटीत घाला. वहीखाली दाबलेली नोट ओढताना जेवढी अडते तेवढी पट्टी अडली पाहिजे. मग स्क्रू धरून ठेवून नट आवळा आणि परत मापा. परत मापणं सोडू नका, नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. माझा पहिल्यांदा बाराला गेला.

मग सातवा. खरं सांगतो, मोह झाला होता. दहाला आणला असता तर टकटक गेली असती, इंस्टावर छान रील टाकलं असतं. स्क्रू ड्रायव्हर हातात होता. तेवढ्यात मामाचा मेसेज: "रॉकरचं नाक बघ." टॉर्च मारून बघितलं, रॉकर जिथे वाल्व्हवर आपटतो तिथे वाल्व्हच्या जाडीचा खड्डा पडलाय. फीलर गेजची पट्टी सपाट आणि रुंद, ती खड्ड्याच्या दोन्ही काठांवर पूल टाकल्यासारखी बसते. पट्टी म्हणते पंधरा, पण खरी फट पंधरा अधिक खड्ड्याची खोली! म्हणजे माप चुकलं नव्हतं, मी मापत होतो ती जागा चुकीची होती. आपल्या कामात असं किती वेळा होतं, डॅशबोर्ड हिरवागार आणि युजर शिव्या घालतोय.

रॉकर बदलायचा म्हणजे वीस मिनिटांचं काम असं मला वाटलं होतं. तर नाही. या इंजिनात रॉकर शाफ्टचे काही नट सिलिंडर हेडही धरून ठेवतात. ते नुसते खोलले तर हेडवरचा दाब वाकडा होतो आणि हेड पॅकिंग जाऊ शकतं. कूलंट काढा, हेडचे सगळे नट थोडे-थोडे क्रमाने सैल करा, मगच शाफ्ट काढा. रस्त्यावर अर्धी बाहेर काढलेल्या गाडीत मी ते करणार नव्हतो. सातवा तसाच ठेवला, टकटकीसकट.

हे झालं एप्रिलमध्ये. त्यानंतर ९०० मैल चालवली आणि गेल्या रविवारी पुन्हा मापलं. सात वाल्व्ह जिथल्या तिथे. चौथा पंधरावरून बारावर. मामाला आकडा पाठवला तर त्याने उलट विचारलं, "सीट कसली हाय तिची?" जुन्या इंजिनांच्या सीट शिशाच्या पेट्रोलवर चालायला बनवल्या होत्या. शिसं सीटवर पातळ थर धरायचं. इकडे २००० पासून ते पेट्रोल बंद. मऊ सीट असेल तर वाल्व्ह हळूहळू तिच्यात रुततो, वर सरकतो आणि फट खातो. म्हणजे पुन्हा पंधरा करून चालवत राहिलो तरी तो पुन्हा आत जाणार. हेड काढून कडक सीट बसवाव्या लागणार.

मशीन शॉपने सांगितलेला आकडा मी इथे बोलत नाही, आई हा पॉडकास्ट ऐकते. पण हेड निघणारच असेल तर सातव्याचा रॉकरही त्याच खर्चात होतोय. नोव्हेंबरात सुट्टी टाकलीय. तोपर्यंत दर ३०० मैलांनी चौथा मापतोय, शीटमध्ये एक रकाना वाढलाय, आणि हायवेवर जास्त ताणत नाहीये.

मामा म्हणालाय, हेड उचलशील तेव्हा कॉल लाव, पण तुझ्या रात्री नको. तेव्हा घड्याळं मागे गेलेली असतील, साडेपाच तासांचा फरक असेल. म्हणजे मला सकाळी सातला गॅरेजमध्ये उभं राहावं लागणार, थंडीत. चला, भेटू पुढच्या भागात.