सरनौबत, सरखेल आणि नाखवा
(प्राथमिक शिक्षकांपुढे भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समानार्थी शब्दांचा पाठ चालू असता 'सेनापती' या शब्दापुढे सेनानी, सेनानायक, दळपती असे चारदोन शब्द फळ्यावर येतात व मुले ते पाठ करतात. त्याच वर्गात खाडीकाठच्या एखाद्या मुलाने होडीच्या प्रमुखाला 'नाखवा' म्हटले, किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाच्या मुलीने कामगारांच्या म्होरक्याला 'मुकादम' म्हटले, तर वहीतल्या त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली जाण्याचा संभव असतो. शब्द बोलीतला आहे, परका आहे, पुस्तकात नाही, असे कारण देण्यात येते. ती रेघ ओढण्यापूर्वी त्या शब्दाचे कुळ पाहावयास हवे. आणि ते पाहण्यास भिवंडीसारखे सोयीचे ठिकाण क्वचितच मिळेल.

१६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजीमहाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली. लवकरच या खाड्यांत लढाऊ जहाजे बांधण्यास आरंभ झाला. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी व पनवेल येथील या उद्योगाचा धास्तीयुक्त उल्लेख आहे. कामावर काही पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांस वळवून घेतले आणि ते काम टाकून निघून गेले. आरमार मात्र उभे राहिलेच. हा 'आरमार' शब्द मूळ पोर्तुगीज 'आर्मादा'. 'कप्तान' हाही पोर्तुगिजांचाच. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ डोके. पुढे इंग्रजीच्या वाटेने तोच 'कॅप्टन' होऊन पुन्हा आला. पायदळातला कॅप्टन हा कनिष्ठ अधिकारी, परंतु नौदलातला कॅप्टन पायदळाच्या कर्नलच्या बरोबरीचा, एवढा भेद मुलांस जरूर सांगावा.

फारसीतही हीच कल्पना आहे. 'सर' म्हणजे डोके. संस्कृत 'शिरस्' त्याचा सख्खा भाऊ. सरनौबत, सरलष्कर, सरदार हे सारे त्या एका डोक्याचे शब्द. 'नौबत' म्हणजे पाळी, पाळीचा पहारा. नगाऱ्याचा अर्थही तो पाळीपाळीने वाजतो म्हणून आला. नेताजी पालकर व प्रतापराव गुजर हे सरनौबत. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी अष्टप्रधानांची नावे संस्कृतात झाली, तेव्हा हंबीरराव मोहिते सेनापती म्हणविले गेले. माणसांचे काम तेच, नाव बदलले.

समुद्रावरची गंमत याहून मोठी आहे. कान्होजी आंग्रे यांचा किताब 'सरखेल'. यातील 'खेल' म्हणजे घोडेस्वारांचा जथा! घोड्यांच्या टापांत जन्मलेला शब्द कुलाब्याच्या किल्ल्यावर येऊन लाटांवर स्वार झाला, आणि १७२९ मध्ये कान्होजी वारले तेव्हा कोकणात कोणासही त्यात घोडा आठवत नसावा. उलट 'लष्कर' हा जमिनीवरचा शब्द इंग्रजी जहाजांवर 'लास्कर' होऊन हिंदी खलाशाचे नाव झाला. 'दर्यासारंग' यातील दर्या उघड आहे. 'सारंग' हा पक्षीही नव्हे, रागही नव्हे, तर फारसी 'सरहंग', म्हणजे नायक. पुन्हा तेच डोके. इंग्रजांचा 'ॲडमिरल' तरी कोणाचा? अरबीतील 'अमीर', आज्ञा देणारा, तो युरोपात जाऊन वेष पालटून परतला.

आता नाखवा. फारसी 'नाव' व 'खुदा', म्हणजे नावेचा धनी, तो नाखुदा. कोळ्यांच्या तोंडी तो नाखवा झाला. यातील 'नाव' व संस्कृत 'नौ' ही एकाच घरची. कोळीवाड्यात नाखवा म्हणजे बहुधा होडीचा मालक आणि तांडेल म्हणजे समुद्रावर हुकूम देणारा, असा बारकावा आहे. पाठ्यपुस्तकातल्या 'नावाडी' या एका शब्दाला तो पेलत नाही. मुकादमाचे कुळही हलके नाही. अरबी 'मुकद्दम' म्हणजे पुढे ठेवलेला. जुन्या मराठी कागदपत्रांत गावचा पाटील 'मोकदम' म्हणून येतो, आणि अरब सैन्यांत आजही लेफ्टनंट कर्नलला हेच नाव आहे. भिवंडीच्या मागावरून मुलीने आणलेला शब्द इतक्या घरी वावरून आला आहे.

परके शब्द काढून टाकण्याचा यत्न पूर्वी झालाच नाही असे नव्हे. रघुनाथ नारायण हणमंते यांनी १६७७ च्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' रचून दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तो यत्न थोर होता. त्यातले काही शब्द टिकले, तरी हवालदार व सुभेदार गेले नाहीत. भारतीय सेनेत ते नाइकाच्या शेजारी आजही उभे आहेत. हा नाईक म्हणजे संस्कृत नायकच, आणि वर्गाच्या हजेरीवर लक्ष ठेवणारा वर्गनायक त्याचा धाकटा भाऊ. डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्गातील नौदल दिनी पंतप्रधानांनी नौदलाच्या हुद्द्यांस भारतीय परंपरेनुसार नावे देण्याची घोषणा केली. त्या परंपरेत सेनापती आहे तसा सरखेलही आहे, हे शिक्षकांनी तरी विसरू नये. केवळ व्युत्पत्ती परदेशी म्हणून कान्होजींचा किताब परका ठरविणे विद्वत्तेचे लक्षण नव्हे.

वर्गात करावयाचे काम लहानसे आहे. 'घरी, कामावर, होडीवर, शेतात पुढे असणाऱ्या माणसाला काय म्हणतात?' एवढा प्रश्न फळ्यावर लिहावा व उत्तरे दुसऱ्या दिवशी मागवावीत. भिवंडीच्या शाळांत तांडेल येईल, मुकादम येईल, जॉबर येईल, गोदामावरचा टोळीप्रमुख येईल. तेलुगू वा उर्दू बोलणाऱ्या घरांतून आणखीही काही येतील. प्रत्येक शब्दापुढे तो आणणाऱ्या मुलाचे नाव लिहावे. सेनापती हा शब्द यादीत शेवटी घालावा, आणि तांबडी पेन्सिल त्या दिवशी खणातच असू द्यावी.